शिंगाड्याचा वेल

तलावात डोंगा थांबवून बायाबाईनं काठावरून वाकून वेल वर ओढला. शिंगाड्याची पानं कुणी पिळून टाकावीत तशी मुरगळली होती. मासे मजेत होते, पाणीही नितळ. पण गावाच्या नळाची विहीर या तलावातच होती. नळ एक दिवसाआड सातला सुटायचा, आणि आज नळाचा दिवस.

ओल्या लुगड्यानिशी ती पंपघराकडे पळाली. तिचा लेक लिलाधर ग्रामपंचायतीचा नळवाला. तो व्हॉल्व्हपाशी उभा होता, बाजूला तिचा नवरा इतवारी विडी ओढत बसला होता. तिनं वेल लेकापुढं टाकला. सोमवारी वरच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, तणनाशक फवारलं, सांजेला पाऊस कोसळला, ते सगळं तलावात आलं. नळ सोडू नको, असं तिनं बजावलं.

लिलाधर गोंधळला. सरपंचाला काय हा वेल दाखवू, म्हणाला. त्यानं बापाकडं पाहिलं, कारण तो फवारा बापानंच मजुरीनं मारला होता.

“काही नाही होत,” इतवारी म्हणाला. “गवत मरते त्यानं, माणूस नाही मरत. सोड पाणी.”

मेल्याची जीभ तरी कशी रेटते! बायाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. दोन दिवस हा धड जेवत नव्हता, आणि ती बापडी समजत होती की अंगात ताप असेल.

लिलाधरनं व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. पंपघराच्या तोटीला मात्र आधीच पाणी यायचं. तिथं सून खुशबू पाण्याचा पितळी गुंड भरत होती, सातवा महिना, डोईवर पदर. तहान लागली म्हणून तिनं ओंजळ भरली.

इतवारी विडी टाकून धावला आणि त्यानं सुनेचं मनगट धरलं. तीन वर्षांत सासरा तिच्याशी समोरासमोर शब्द बोलला नव्हता. तोटीपुढच्या रांगेतल्या बाया बघतच राहिल्या.

“पिऊ नोको, पोरी.”

खुशबूनं हात सोडवून घेतला. पदर सरकला, तो तिनं सावरला नाही.

“अन् बाकीच्यायनं प्याचं का, मामाजी?”

लिलाधरनं चाक घट्ट आवळून नळ बंदच ठेवला आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगायला निघाला, तर बापानं त्याला अडवलं आणि तो स्वतःच ग्रामपंचायतीत शिरला. बायाबाई वेल हातात घेऊन तिथंच उभी राहिली. थोड्या वेळानं भोंगा खरखरला.

“मी इतवारी बोलून राहिलो. नळाचं पाणी कोणी भरू नोका. धान बुडन म्हून बांधीचा धुरा मीच फोडलो, फवाऱ्याचं पाणी तलावात मीच सोडलो.”