तोतारामच्या हातांचं पाणी

रावेरजवळच्या एका गावात तोताराम घरामागच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. शेडला लागूनच विहीर. तिचं पाणी त्याच्या घरी यायचं आणि शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाकडेही जायचं. त्या भावाची मुलगी कामिनी जळगावला रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. पाण्यातलं शिसं ओळखणारा एक द्रव तिने तयार केला होता.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा तोतारामची चार वर्षांची नात रूपा तिला दिसली. आईबाप सुरतेला कामाला, पोर आजी-आजोबांकडे. पांढरीफटक पडलेली, सारखी पोट धरून बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनी दोन बाटल्या घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली.

"आबा, हे हातपंपाचं पाणी, हे विहिरीचं."

दोन्हींत तिने द्रव टाकला. हातपंपाचं पाणी तसंच राहिलं. विहिरीचं फिकट गुलाबी झालं आणि छोट्या जांभळ्या दिव्याखाली नारिंगी चमकलं.

"यात शिसं आहे. रूपाचं रक्त तपासून घ्या."

"रंग टाकून रंग दाखवू राह्यली," तोताराम म्हणाला. "बापाने पाठवलं तुले. त्याले माही शेड डोयात खुपते." आणि विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्या त्याने तिच्यासमोर घटाघटा पिऊन टाकला.

कामिनीचा आवाज चढला. "मग यात हात धुवा." तिने हातपंपाच्या पाण्याची वाटी पुढे सरकवली. "पोरीला रोज घास तुम्हीच भरवता ना?"

त्याने वाटीत हात बुडवून चोळले. तिने थेंब टाकले. पाणी गडद गुलाबी झालं आणि दिव्याखाली विहिरीच्या पाण्याहून कितीतरी जास्त पेटलं.

तोतारामने वाटी अंगणात भिरकावली. दिवा ओट्यावर आपटून फोडला. "पुन्हा इथं दिसली तं तंगडं मोडीन."

त्याची बायको धुरपदाबाई रूपाला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आजपासून पोरीले तुम्ही भरवाचं नाही."

दुपारी तोतारामने भावाकडे जाणारा पाइप कुऱ्हाडीने तोडला. शेड चालूच राहिली.

चार दिवसांनी धुरपदाबाईने रूपाचं रक्त जळगावला तपासून आणलं. त्यात शिसं निघालं. पोरीला या घरात ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मुलगा सुरतेहून येऊन तिला घेऊन गेला.

हातपंपावर कामिनी भेटली तेव्हा धुरपदाबाई हंडा भरत होती.

"मोठीआई, रूपा कशी आहे?"

"पोरगी नेली माही. आता जीव गार झाला तुहा?"

धुरपदाबाईने हंडा डोक्यावर घेतला आणि मागे न बघता निघून गेली.