शुक्रवारी साप तोलणारा काटा

मित्रांनो, रामजी वानखडेंना त्या सापापासून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. जनरल शिफ्ट. म्हणजे सकाळी सातला जायचं आणि चारला घरी. तीन वर्षं ते संध्याकाळपाळीत होते. मुलगी मैत्री शाळेतून यायची तेव्हा ते निघायचे, आणि परतायचे तेव्हा ती झोपलेली. शिफ्ट ठरवणारे हॉवर्डसाहेब दोन महिने रजेवर विलायतेला चालले होते. त्यांच्या पाळलेल्या अजगराला, क्विनीला, सांभाळायला माणूस हवा होता. सगळं वर्कशॉप आपापले बूट बघू लागलं. रामजींनी तेवढा हात वर केला. घरी येऊन हे सांगताना त्यांनी ‘साप’ हा शब्द एकदा उच्चारला आणि ‘शिफ्ट’ सहा वेळा.

मी त्यांच्या बहरीनमधल्या, माहूज भागातल्या घरातला जुना वजनकाटा. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते सांगता येत नाही, कारण माझ्या तळाचा शिक्का घासून गेला आहे. पोटात एक स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी, डोक्यावर पसरट भांडं. रामजींच्या पत्नी अंजना यांनी मला मनामाच्या बाजारातून आणलं, तेही आधी चार काटे तपासून. कोळंबी, मसूर, केकचा मैदा, सगळं मी तोललं. साप मात्र पहिल्यांदाच.

क्विनी चार फुटांची, मनगटाएवढी जाड, आफ्रिकेकडच्या शांत जातीची. साहेबांनी काचेची पेटी, एक दिवा, फ्रीजरमध्ये ठेवायचे उंदीर आणि दोन पानी सूचना दिल्या होत्या. रामजी क्विनीला ‘मॅडम’ म्हणत आणि चार हात लांब उभे राहत. दर शुक्रवारी वजन करायचं, असं कागदावर होतं. ते काम अंजनांकडे आलं. पहिल्या शुक्रवारी त्यांनी तिला टॉवेलात धरून आणलं, दुसऱ्या शुक्रवारी नुसत्या हातांनी.

आता चूक ऐका. पेटीच्या एका टोकाला दिवा सतत चालू ठेवा, असं कागदात स्पष्ट लिहिलं होतं. पण जुलै महिना, बाहेर पंचेचाळीस अंश! बहरीनमध्ये पाहुण्याला आपण कुठे बसवतो? एसीसमोर. एका खोलीच्या त्या घरात एसीखालची जागा म्हणजे मानाची जागा. रामजींनी दिवा बंद केला, पेटी थेट एसीखाली ठेवली आणि खटका ‘हाय कूल’वर फिरवला.

“साहेबाच्या पाहुणीले गरमी नको व्हायले,” ते म्हणाले.

साप आपली ऊब स्वतः तयार करू शकत नाही, मित्रांनो. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. हे ना रामजींना ठाऊक होतं, ना मला.

दुसऱ्या आठवड्यात क्विनीचे डोळे दुधाळ निळे झाले. “मॅडमले मोतीबिंदू झाला!” म्हणून रामजी घाबरले. अंजनांनी कागद वाचून दाखवला, कात टाकायच्या आधी डोळे असेच होतात. पण कात मोज्यासारखी अखंड निघायला हवी होती. ती निघाली चिंध्या होऊन, शेपटीला तर चिकटूनच राहिली. एसीने हवा कोरडी केली होती. अंजनांनी ओला कपडा गुंडाळून शेपटी सोडवली आणि त्या दिवसापासून क्विनीकडे त्या निराळ्या नजरेने पाहू लागल्या.

मग क्विनीने उंदीर खाणं सोडलं आणि माझं काम बोलू लागलं. एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम. पुढच्या शुक्रवारी तेराशे दहा. मग बाराशे चाळीस.

“काटाच खराब हाय,” रामजी म्हणाले. “या जातीचा साप महिना महिना खात नाई. कागदातच लिहेल हाय.”

अंजनांनी साखरेचं न फोडलेलं एक किलोचं पाकीट माझ्यावर ठेवलं. माझा काटा बरोबर एकावर थांबला. “न खाणं येगळं, अन् वाळणं येगळं,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, आयुष्यात एवढा ताठ मी कधी उभा राहिलो नाही.

नागपंचमीला वरच्या मजल्यावरच्या सुनीताताई वाटीभर दूध घेऊन आल्या. “आज देतात ना हो? घरात साक्षात आहे, तर म्हटलं…”

“ताई, आमच्यात पूजा नाई. अन् साप दूध पीत नाई,” अंजना म्हणाल्या. “पण चहाले चालते. ठेवा तिथं.”

हसता हसता त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि हसू थांबलं. क्विनीने मान उंच ताणली होती, तोंड उघडं होतं, ओठाशी बारीक बुडबुडे. कान जवळ नेला तर घरघर.

“अहो, साहेबाले फोन लावा.”

“येडी झाली का? शिफ्ट खलास होईन माही!”

“अन् ती मेली त काय सांगसान? आपोआप मेली म्हणून?”

रामजींनी फोन लावला. ‘दिवा मी बंद केला, पेटी मी एसीखाली ठेवली,’ हे त्यांनी तुटक्या इंग्रजीत, घाम पुसत, पण पूर्ण सांगितलं. मग साहेबांनी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. शिफ्टबद्दल एक अक्षर नाही.

डॉक्टर नजीब हे शिकारी ससाण्यांना आणि बकऱ्यांना तपासणारे. क्विनीला पाहून म्हणाले, “साप मैंने दो ही देखे हैं, भाभी. दोनों मरे हुए.” पण त्यांनी पुस्तक काढलं, कुणाला तरी फोन केला, श्वास ऐकला. फुप्फुसाला संसर्ग. तीन-तीन दिवसांनी सहा इंजेक्शनं. “एसी कम. पिंजरा तीस से नीचे नहीं, बत्तीस से ऊपर नहीं. और वज़न सही चाहिए, दवा वज़न पे है.”

अंजना पिशवीतून मला घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “माशाल्ला,” म्हणाले.

अठरा दिवस ते घर बत्तीस अंशांत राहिलं. पेटीत थर्मामीटर, ओल्या कपड्याचा डबा. पारा चढला की पाच मिनिटं एसी, उतरला की बंद. मैत्री ओली चादर पांघरून झोपे. इंजेक्शन देताना क्विनीला धरायला अंजनाच लागत. रामजी दारातून “हळू, हळू” एवढं म्हणायचे. मधेच अंजनांच्या अकोल्याच्या तिकिटाची तारीख आली. तीन आठवडे माहेर, आईकडे. कंपनीचं तिकीट, दोन वर्षांतून एकदा मिळणारं. तेव्हा तिसरं इंजेक्शन झालं होतं.

“तू जाय,” रामजी म्हणाले. “मी धरीन.”

अंजनांनी पेटीपासून चार हात लांब उभ्या असलेल्या त्यांच्याकडे पाहिलं आणि बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवली.

सहाव्या इंजेक्शननंतर घरघर थांबली. चार दिवसांनी क्विनीने उंदीर गिळला. शुक्रवारी माझा काटा बाराशे सत्तरवर गेला.

सप्टेंबरात हॉवर्डसाहेब आले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अंजनांनी लिहिलेली वजनं, पारा, इंजेक्शनांच्या तारखा त्यांनी उभ्यानेच वाचल्या. मग रामजींना म्हणाले, आपली चूक स्वतः फोन करून सांगणारा माणूस मला दिवसा वर्कशॉपमध्ये हवा. एक तारखेपासून जनरल शिफ्ट.

त्यानंतर प्रत्येक पाहुण्याला रामजी सांगत, “मी वाचवली बरं तिले!” आणि मैत्री पलंगावरून ओरडे, “बाबा, यू नेव्हर इव्हन टच्ड हर!”

पुढे सेलवर चालणारा काटा घरात आला आणि मी कपाटाच्या डोक्यावर गेलो. स्प्रिंग सैलावली आहे, तक्रार नाही. फक्त एवढंच, मित्रांनो: मुकं जनावर पाळाल तर त्याला काय सोसतं ते आपल्या अंगावरून ठरवू नका. त्याचा श्वास, त्याची कात, त्याचं वजन पाहत जा. आणि चुकलात तर लगेच सांगा.

राहिला हिशेब. साहेबांना क्विनी मिळाली, रामजींना मोकळ्या संध्याकाळी मिळाल्या, मैत्रीला बाबा मिळाले. भरपाई एकट्या अंजनांनी केली: आईची भेट आणखी दोन वर्षांनी.