रेघेपलीकडची मुलगी

मित्रांनो, मी एक जुना, रीळ घालून चालणारा कॅमेरा आहे. हल्ली फारसे बोलवत नाही. माझा पट्टा विरला आहे, भिंगावर बुरशी चढली आहे. पण एक गोष्ट मनात सलते आहे, तेवढी सांगून टाकतो.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जुळवले. तिथून मी एका दैनिकाच्या छायाचित्रकाराकडे आलो. कचेरीत सगळे त्यांना काका म्हणत. एकवीस वर्षे मी काकांच्या गळ्यात होतो. पूर, मोर्चे, उद्घाटने, सारे पाहिले. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे लोक म्हणत आणि मी आपला फुशारून जाई.

मग एका दुपारी एका शाळेची मागची भिंत कोसळली.

आम्ही पोहोचलो तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. नऊ मुले जखमी झाली होती. मुख्याध्यापिका बाई स्वतः विटा उपसत होत्या. केसांत चुना, पायात एकच चप्पल. सगळ्यांत शेवटी दुसरीतल्या एका मुलीला बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवले. ती भेदरून पार गोठली होती. बाई तिच्यावर वाकल्या आणि हसून म्हणाल्या, "अगं, गणिताचा तास चुकवायला एवढी मोठी भिंत पाडलीस होय?"

मुलगी रडता रडता खुदकन हसली. नेमका तेव्हाच काकांनी खटका दाबला.

संध्याकाळी फोटो धुऊन दिले आणि काका दमून घरी गेले. मी कचेरीतच अंकाचे पान लावणाऱ्याच्या टेबलावर राहिलो. तो माणूस काही वाईट नव्हता. त्याच्याकडे जागाच दोन रकान्यांची होती, शेजारी साबणाची जाहिरात. त्याने फोटोवर पट्टी ठेवली आणि लाल पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. स्ट्रेचर आणि ती मुलगी रेघेपलीकडे गेली. उरल्या विटा आणि हसणाऱ्या बाई. उपसंपादकाने वर मथळा दिला : ‘मुले ढिगाऱ्याखाली, बाई खुशीत!’

दुसऱ्या दिवशी गावाने निकाल देऊन टाकला. बाईंना ‘हसरी बाई’ हे नाव पडले. वाण्याने सामान द्यायला नकार दिला. कुणीतरी दारावर शाई फेकली. तिसऱ्या दिवशी त्यांना कामावरून दूर केले. भिंत धोक्याची आहे, अशी तीन पत्रे बाईंनी शिक्षण खात्याच्या कचेरीत पाठवली होती. ती तिथल्या कपाटात पडून होती. पण पत्रांचा फोटो कोण काढतो?

बाईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. ते अंक घडी घालून घेऊन आले आणि काकांसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"आमची ही कुणाकडे बघून हसतेय, तेवढं दाखवा की."

काकांनी पूर्ण फोटो शोधून आणला आणि संपादकांसमोर ठेवला. "साहेब, हा छापा. पहिल्या पानावर."

"चौकशी चालू आहे, काका. मध्येच कशाला तोंडघशी पडायचं?"

दोन महिन्यांनी चौकशीत बाई निर्दोष ठरल्या आणि पुन्हा शाळेत रुजू झाल्या. पूर्ण फोटो छापून आला, सहाव्या पानावर, तळाला, काडेपेटीएवढा. तो पाहिलेला माणूस मला तरी भेटला नाही.

काका मोठी प्रत घेऊन शाळेत गेले. बाईंनी ती बराच वेळ पाहिली. "पोरगी छान आलीय," एवढेच म्हणाल्या.

"बाई, तुमचा एक नवा फोटो काढू का? नीट छापायला लावतो."

"नको हो. आता वर्गात हसू आलं तरी मी आधी खिडकीकडे बघते."

त्या दिवसानंतर काकांनी मला हातात घेतले ते कामापुरतेच. निवृत्त झाल्यावर ते पुतणीकडे राहायला आले आणि मी तिच्या फळीवर. आता तिच्या फोनमध्येच कॅमेरा आहे. माझ्यापेक्षा शंभरपट हुशार.

आज सकाळी ती म्हणाली, "काका, ही नर्स बघा! म्हाताऱ्या माणसावर कशी खेकसतेय! लाज नाही हिला."

"त्याआधी काय झालं होतं?"

"ते नाहीये यात. अकरा सेकंदांचाच व्हिडिओ आहे."

"मग जरा थांब ना."

"पाठवला पण मी."

काकांनी चष्मा काढून ठेवला. परत लावलाच नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. माझे आता काय राहिले आहे? पण चित्रातल्या माणसाची घ्या. आम्हा कॅमेऱ्यांना चौकट असते, तिच्याबाहेरचे आम्हाला दाखवता येत नाही. ते तुम्हीच विचारायचे असते आणि विचारेपर्यंत बोट आवरायचे असते.

ती नर्स आत्ता कामावर असेल. कुणाचा तरी ताप मोजत असेल. तिला अजून काहीच ठाऊक नसेल.