जीन्सच्या चार घड्या

नडीनच्या पिस्तुलात कुठल्या गोळ्या असाव्यात हे लग्नापासून अकरा वर्षं व्हर्लिन टीगच ठरवत आला होता. आणि आता तिच्या तोंडी उठल्यासुटल्या एकच नाव. क्लेटन म्हणतो, पकड अशी. क्लेटन म्हणतो, पाय असे. हा क्लेटन गावातल्या बायकांना नेमबाजी शिकवायचा. दर मंगळवारी तो नडीनचं मनगट धरून सरळ करतो, हे व्हर्लिननं डोळ्यांनी पाहिलं होतं. गाडी लांब लावून चांगला अर्धा तास पाहिलं होतं. क्लेटनचं नाव मात्र तो स्वतः कधी घेत नसे.

शनिवारी न्याहारीला नडीननं टेबलावर गोळ्यांचा नवा डबा ठेवला.

"क्लेटन म्हणतो, तुझ्या गोळ्यांची टोकं जाड कपड्यानं बुजतात. या कालच पिस्तुलात भरल्यात मी."

"आता तुझा मास्तर मला शिकवणार का?"

"चिडतोस काय? मी एकटी हिंडते, व्हर्लिन. खरं काय ते मला कळायला हवं."

नडीन नर्स होती. डोंगरातल्या घरोघरी जाऊन रोग्यांना बघायची. पंधरा दिवसांपूर्वी एका म्हातारीच्या जावयानं आडवाटेला तिची गाडी अडवली होती, तेव्हापासून तिला झोप नव्हती.

"बघूच कुणाचं खरं," व्हर्लिन म्हणाला.

परसात त्यानं दुधाचे पाच रिकामे कॅन पाण्यानं भरून रांगेत मांडले आणि पुढे स्वतःची जुनी जीन्स चार घड्या करून टांगली. टोकाला खळगा असलेली ही गोळी ओल्या मांसात काय करील ते पाण्यात कळतं. खळग्यात पाणी शिरलं की ती फुलते आणि तिथंच थांबते. न फुलली तर आरपार जाते, आणि अंगावर येणारा येतच राहतो.

त्याची गोळी पाचही कॅन फोडून मागच्या मातीत घुसली. उकरून काढली तर खळग्यात निळ्या कापडाचा बोळा. नवे कॅन मांडले, दुसरीचं तेच. तिसरीचंही तेच. क्लेटनची मात्र तिसऱ्या कॅनच्या तळाशी सापडली, सहा पाकळ्या उघडून बसलेली. व्हर्लिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनगटही त्यानंच धरायचं आणि गोळीही त्याचीच फुलायची! त्यानं ती खिशात कोंबली.

"काय निघालं?" नडीननं दारातून विचारलं. तिच्या अंगात कामाचे कपडे होते.

"माझीच चांगली."

ती वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. पण ती टेबलाशी बसली, पिस्तुलातल्या नव्या गोळ्या एकेक करून काढल्या आणि त्याच्या भरल्या.

"बरं झालं. कुणी काही सांगो, मी तुझ्यावरच विसंबते," ती म्हणाली आणि त्याच्या गालाला ओठ लावून निघाली.

हेच तर त्याला हवं होतं. पण तो आनंद पायरीपर्यंतही टिकला नाही.

"आज कुणीकडे?"

"त्या जावयाच्याच घरी. म्हातारीचं ड्रेसिंग आहे."

गाडी सुरू झाली. व्हर्लिन चिखलाच्या बुटांनी धावत सुटला आणि काचेवर थापा मारू लागला. नडीननं काच खाली केली. त्यानं खिशातली मूठ तिच्यासमोर उघडली.

तिनं त्या पाकळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कुणाची?"

"क्लेटनची," तो म्हणाला आणि नवा डबा आणायला घरात वळला.