साडूची सुई

कोटाच्या बाह्या आखूड करायला आलेल्या चाळिशीच्या बाईने शिंप्याला "आजोबा" म्हटलं आणि तिथून सगळं बिघडलं.

वास्तविक त्याचा साडू त्याच्याच वयाचा. पण साडूचे दंड सदऱ्यात मावत नव्हते. जिममध्ये बसून तो कसल्याशा कुप्या विकायचा.

"पेप्टाइड आहे हे," साडूने समजावलं. "बाहेरून हार्मोन घ्यायचंच नाही. डोक्यातल्या ग्रंथीला नुसतं डिवचायचं, की ती आपणहून वाढीचं हार्मोन सोडते. चरबी जाते, तारुण्य येतं."

"कुपीवर 'फक्त प्रयोगशाळेसाठी' लिहिलंय," बायको म्हणाली.

"तुला विज्ञानातलं काय कळतंय?" शिंपी म्हणाला. त्याला स्वतःला सगळंच कळत होतं, कारण साडूने दोन व्हिडिओ पाठवले होते.

रोज सकाळी अनशापोटी तो पोटात सुई टोचू लागला. श्रद्धा इतकी दांडगी, की आपल्या सगळ्या पँटी त्याने कमरेत आधीच दोन बोटं आत घेऊन ठेवल्या.

ग्रंथी जागी झाली की नाही देव जाणे, भूक मात्र खडबडून उठली. शिंपी दोन-दोनदा न्याहारी करू लागला. पँटी पुन्हा उसवाव्या लागल्या.

"भूक लागतेय म्हणजे औषध लागू पडतंय," साडू फोनवर म्हणाला.

"पण पोट वाढतंय हो!"

"वाढीचंच हार्मोन ना ते!"

मग बोटं सुजली. हाताला मुंग्या येऊ लागल्या, आणि एका नवरदेवाच्या कोटाची कॉलर वाकडी कापली गेली. बायकोने दुकान बंद केलं आणि त्याला डॉक्टरकडे नेलं. रक्तातली साखर चढलेली निघाली.

"कुपीत नक्की काय होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते साडूलाच ठाऊक," शिंपी म्हणाला.

"आजपासून बंद. हे हार्मोन गाढ झोपेत आपोआप सुटतं, तेही फुकट."

बाहेर येताच बायकोने बहिणीला फोन लावला. "अगं, तुझ्या नवऱ्यालाही डॉक्टरला दाखव!"

"ह्यांना कशाला? हे कुठे घेतात ते?" बहीण हसत सुटली. "सुई बघितली तरी घेरी येते ह्यांना. दंड म्हणशील, तर विशीपासून रोज जोर काढतात."

शेजारी उभ्या शिंप्याला सगळं ऐकू आलं. साडूला काय काय सुनावायचं ते तो मनात जुळवत राहिला, पण दुकान येईपर्यंत त्याला सडकून भूक लागली होती. काही आठवड्यांनी मुंग्या थांबल्या. तोवर नवरदेवाची नवी कॉलर बायकोनेच कापून दिली होती, आणि ती सरळ बसली होती.