शेळीने खाल्लेले प्रकरण

मित्रांनो, घर कसे चालवावे आणि मुले कशी वाढवावीत हे आईबापांना शिकवणारे मी एक जुने पुस्तक आहे. गप्प पडून राहणे मला कधी जमलेच नाही. कोणी उघडले नाही तर माझा जीव वरखाली होतो, आणि उघडून कोणी भलत्याच पानावर थांबले की त्याहून जास्त होतो.

माझा जन्म विलायतेतला. छापखान्यातली ओली शाई, दुकानातली काचेची मांडणी, कौतुकाचे चार दिवस आणि मग अडगळ. तिथून जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात कोंबून मला घानाच्या किनाऱ्यावर, केप कोस्टच्या बाजारात आणून टाकले. एका ताडपत्रीवर ऊन खात पडले होते, तेव्हा मान्साने मला उचलले. ती कपडे शिवायची. तीन मुले, सासू आणि कधीमधी घरी उगवणारा ट्रक ड्रायव्हर नवरा असा तिचा संसार. घराला शिस्त लावायची तिला भारी हौस. शिवणयंत्र चालवता चालवता ती मला वाचायची आणि मी फुलून जायचे.

माझे ताटांचे प्रकरण तिला फारच पटले. प्रत्येक मुलाला स्वतःचे ताट द्यावे, दुसऱ्याच्या ताटात कोणी हात घालू नये, असे त्यात लिहिले होते. त्या घरची पोरे मातीच्या एकाच मोठ्या वाडग्यात जेवत. मान्साने तो वाडगा फळीवर चढवला आणि नवी कोरी ताटे आणली.

सासूबाई कडाडल्या, "अगं, ही भावंडं आहेत की खानावळीतली गिऱ्हाइकं?"

"आई, पुस्तकात लिहिलंय. अशानं पोरं स्वावलंबी होतात."

"त्या पुस्तकाला पोरं किती, ते विचार आधी!"

तेव्हा मला त्यांचा रागच आला.

मान्सा मला जेवणाच्या खोलीतल्या खिडकीत ठेवायची. तिथून जे दिसले त्याने माझी झोप उडाली. धाकटी अडोमा जेमतेम चार वर्षांची. ती सगळ्यांची नजर चुकवून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याची उकड, गोळे करून खिडकीबाहेर शेळीला द्यायची आणि मासा मांजरापुढे टाकायची. रिकामे ताट बघून मान्सा हरखायची. "शाब्बास! बघा आई, कशी चाटूनपुसून जेवते!" इकडे पोरीच्या गळ्याची हाडे वर आली होती. फ्रॉक सैल झाला तर मान्साने तो आत शिवून घेतला, पोर उंच होतेय म्हणाली. मला ओरडून सांगावेसे वाटे. पण छापले आहे त्यापलीकडे एक अक्षर मला बोलता येत नाही. मी नुसती पाने फडफडवत राही, आणि ती उडू नयेत म्हणून मान्सा माझ्यावर कात्री ठेवी.

एका दुपारी अडोमाचा हात बाहेर यायला उशीर झाला. शेळीला कुठला धीर! तिने पुढचे पाय खिडकीवर टाकले आणि माझाच लचका तोडला. कात्री खणकन पडली. सगळे धावले, आणि गोळा धरलेला तो इवलासा हात सगळ्यांना दिसला.

"अडोमा! रोज देतेस तू तिला?"

पोर हुंदके द्यायला लागली. "मला काटे काढता येत नाहीत. घशात अडकतात."

थोरली एकुआ हळूच म्हणाली, "आई, वाडग्यात तिचा मासा मीच निवडायचे. घासही मीच करून द्यायचे. पण तूच म्हणालीस, दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही."

मान्साने अडोमाला जवळ ओढले. "अगं सोने, मला का नाही सांगितलंस?"

"तू शाब्बास म्हणायचीस ना," अडोमा म्हणाली.

आता सासूबाई टोमणा मारणार, असे मला वाटले. पण त्या उठल्या, वाडगा खाली काढला, धुतला आणि पोरांच्या मधोमध ठेवला. एकुआने काटे निवडले. अडोमा भराभरा जेवू लागली. मान्सा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

माझे ते प्रकरण शेळीच्या पोटात गेले. उरलेले मी अजून त्याच घरात आहे, आणि अजून स्वस्थ नाही. मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, आम्हाला शेळ्यांपासून दूर ठेवा, आणि वाचाच. पण तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप द्या. वाचता वाचता मान वर करा म्हणावे. ताट रिकामे झाले की पोट भरलेच असेल, असे मलाही वाटायचे. ते पोरालाच विचारावे लागते.