घरच्या हातातला दोर

“सोपी वाट हुडकू नको, पोरी. पडायला मोकळी वाट हुडक.”

जयराम सरांचा आवाज. कळवणकडचा, घोगरा, वाक्य संपता संपता मऊ होणारा. योगिनी कॉलेजात होती तेव्हा तिने तो याच कातळाखाली ऐकला होता. सर आता नाहीत. थंडी पडली की नवशिकी पोरं घेऊन ती इथे येते आणि बॅगेतून दोर काढण्याआधी तो आवाज मनातल्या मनात ऐकून घेते.

गंगापूर रोडने निघायचं, धरण मागे टाकायचं, वाडीतल्या देवळापाशी गाडी लावायची आणि करवंदीच्या जाळ्यांतून वर चढायचं. मग समोर हा काळा कातळ, सकाळच्या उन्हात अर्धा तांबूस. सरांनी त्यात दोर अडकवायचे बोल्ट ठोकले आणि चढायच्या प्रत्येक वाटेला वाडीतल्या एकेका माणसाचं नाव दिलं. सखुबाई सगळ्यांत सोपी, पायऱ्या पायऱ्यांची. पण तिच्या मध्यावर ओट्याएवढा दगड पुढे आलेला, पडलं तर घोटा त्याच्यावरच. विठाबाई उतरती, पण सर उंच माणूस. बोल्ट ठोकले ते स्वतःच्या हाताच्या मापाने, त्यामुळे बुटक्या माणसाला तिथे दोर अडकवताना टाचा उचलाव्या लागतात. आणि झिपरू. झिपरू उभा. बघूनच मागे फिरावं असा. पण पकडी कढईच्या कानांसारख्या, बोल्ट जवळजवळ, खाली आपटायला काही नाही. पहिल्या लीडला झिपरूच द्यायचा, हे सरांचं ठरलेलं.

आज हर्षालीचं पहिलं लीड होतं.

वरून सोडलेल्या दोरावर ती खारीसारखी चढायची. निफाडच्या शेतात वाढलेली पोर, आता शहरात लॅबमध्ये रक्त तपासते. बोटं हलकी, पाय शहाणे. पण लीडला वरचा दोर नसतो. आपला दोर आपणच वर न्यायचा, एकेका बोल्टात अडकवत. हात सुटला तर शेवटच्या बोल्टाच्या जेवढं वर होतो तेवढंच त्याच्या खाली जायचं, आणि मग सगळा भार दोर धरणाऱ्यावर.

हिवाळाभर ती अर्ध्यातूनच उतरत आली होती, लीड एकदाही पुरं झालं नव्हतं. सकाळी चहा घेताना ती योगिनीला म्हणाली होती, “ताई, आजही उतरले ना, तर हे बूट राखीला देऊन टाकते. पुन्हा येणार नाही.”

“माझ्या पायाला नाय होणार गं तुझे बाहुलीचे बूट,” ग्रुपमधली राखी म्हणाली. हसलं मात्र कुणीच नाही.

दोर सार्थक धरणार होता, हर्षालीचा नवरा. तसा या ग्रुपचा रिवाजच. पहिल्या लीडचा दोर घरच्या माणसाच्या हाती. सरांचा स्वतःचा पहिला दोर त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी धरला होता, नऊवारीचा काष्टा आवळून. तेव्हापासून बहिणीचा दोर भाऊ धरतो, नवऱ्याचा बायको, बायकोचा नवरा. सार्थकने हे काम नीट शिकून घेतलं होतं. गाठ तपासायचा, दोर सरळ करून ठेवायचा, तोंडही त्याच वेळी चालू.

“पडलीस तर झेलतो की! वजन ते काय तुझं, द्राक्षाची एक पेटी.”

हर्षाली हसल्यासारखं करून झिपरूला भिडली. पहिला बोल्ट अडकला. दुसरा अडकला. तिसऱ्याखाली ती थांबली, मान वळवून खाली बघितलं आणि बघतच राहिली.

“ढील देऊ?” सार्थकने विचारलं.

 तिची बोटं पांढरी झाली. पकड कढईच्या कानाएवढी, हात पोचत होता. तरी ती एकेक पाऊल मागे घेत खाली आली.

उंची बघून घाबरली, योगिनीला वाटलं. म्हणाली, “चल, विठाबाई बघू. उतरती आहे, अंग टेकून राहतं.”

विठाबाईवर तेच झालं. बोल्ट लांब होते, पण ती तिथवर गेलीच नाही. त्यांच्या कितीतरी खाली थांबली. पुन्हा तशीच खाली नजर. पुन्हा उतरली.

“अगं, मी आहे ना खाली!” सार्थकचा सूर आता जरा चढला होता. “सगळे बघतायत, हर्षा.”

योगिनीने तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार, आणि तळवा घामाने ओला. या पोरीचे बूट आज राखीच्या बॅगेत जाणार, हे तिला दिसायला लागलं. एवढ्या बायका आल्या आणि गेल्या. कुणाचं लग्न झालं, कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली. अशी बोटं एकीचीही नव्हती. योगिनीच्या तोंडातून निघून गेलं, “बरं, सखुबाई कर. सगळ्यांत सोपी. आपल्या गच्चीच्या जिन्यासारखी.”

राखीने चमकून तिच्याकडे बघितलं. “ताई, सखुबाईवर पहिलं लीड? त्या ओट्यावर पाय मोडेल तिचा. तुम्हीच तर सांगता आम्हाला.”

 खरंच होतं ते. सबंध सकाळ योगिनीने वाट सोपी सोपी करत आणली होती आणि आता पोरीला नेमकं तिथे उभं केलं होतं, जिथे पडायला जागाच नाही. सर असते तर दोर गुंडाळून योगिनीलाच घरी पाठवलं असतं.

ती हर्षालीसमोर खाली बसली. म्हणाली, “माझं चुकतंय गं काहीतरी. मी कातळ बदलत चाललेय आणि तू प्रत्येक ठिकाणी खालीच बघतेस. जमिनीकडे नाही बघत तू. काय बघतेस?”

हर्षालीने कंबरेच्या गाठीवर हात ठेवला. खाली वाडीत कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज कातळावर येऊन परत जात होता.

“सांग ना,” सार्थक म्हणाला. “मला पण कळू दे.”

तिने मान वर केली. ताईकडे नाही, त्याच्याकडे.

“झिपरूच बरा आहे. मला झिपरूची भीती नाही वाटत. पण तू दोर धरू नकोस. राखी धरेल.”

“म्हणजे? मी काय केलं?”

“गेल्या दिवाळीनंतर, शहरातल्या सरावाच्या वॉलवर. मी अगदी वर होते. तू गंमत म्हणून दोर सोडलास, हातभर, आणि लगेच धरलास. मी किंचाळले. तू हसलास, सगळे हसले, ताईपण हसल्या. खाली आल्यावर मीपण हसले.” तिचा आवाज फुटला नाही, फक्त बारीक झाला. “मला तेव्हा हसू आलं नव्हतं, सार्थक.”